फोनमध्ये थांबण्याची जागा कुणी ठेवायची?

जॉबरचा मुलगा, अक्कलकोट रोड

माझे वडील सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्यात 35 वर्षे जॉबर होते. माग बिघडला की तो उघडून पुन्हा चालता करणे हे त्यांचे काम. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जात असे, तेव्हा मागाचा जो भाग त्यांनी मला सर्वांत आधी समजावून सांगितला तो माग चालवणारा नव्हता, थांबवणारा होता. धोट्याने, म्हणजे धाग्याची कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी ठोकळ्याने, आडवा धागा नेला की तो धागा कडेच्या एका छोट्या काट्याला ढकलतो आणि माग पुढे चालत राहतो. धागा तुटला किंवा कांडी संपली तर काट्याला ढकलायला काहीच उरत नाही, त्याचे शेपूट मागच्या हातोडीत अडकते, चालू-बंदचा दांडा सुटतो आणि माग उभा राहतो. कामगार दुसऱ्या मागावर वाकलेला असो वा पाणी प्यायला गेलेला असो, धाग्याविना माग चालू राहत नाही. ज्या कुणी हा माग बनवला त्याने चालण्याइतकाच थांबण्याचाही विचार केला होता, हे वडील मोठ्या आदराने सांगत.

गेली काही वर्षे मी हातातल्या फोनकडे त्याच नजरेने पाहतो आहे आणि मला त्यात तो काटा कुठेच सापडत नाही. उलट जे काटे पूर्वी होते ते एकेक करून काढून टाकलेले दिसतात. संगणकावरचे पान पूर्वी संपत असे आणि पुढचे पाहायचे तर बटण दाबावे लागे. ते दाबण्याआधी क्षणभर का होईना, पुरे की आणखी, असा विचार मनात येई. 2006 मध्ये आझा रास्किन या रचनाकाराने पान कधीच संपणार नाही अशी युक्ती शोधली, आणि आपण काय करून बसलो याची खंत पुढे त्यानेच जाहीरपणे व्यक्त केली. त्यानंतर लॉरेन ब्रिक्टर या ॲप बनवणाऱ्याने ट्विटर पाहण्याच्या 'ट्विटी' या ॲपमध्ये पडदा खाली ओढून सोडला की नवे काही येते का ते पाहण्याची सोय आणली. ओढल्यावर कधी काही मिळते, कधी मिळत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत नेमके हेच दिसले होते, की चोच मारल्यावर दाणा अनियमितपणे मिळू लागला तर कबूतर सर्वांत चिवटपणे चोच मारत राहते. नेमाने दाणा मिळणारे कबूतर, दाणा बंद झाल्यावर, लवकर थांबते.

2018 मध्ये गूगलने 'डिजिटल वेलबीइंग' आणि ॲपलने 'स्क्रीन टाइम' आणले, तेव्हा मला वाटले होते की काटा परत आला. पण ते दोन्ही सेटिंगच्या आत आहेत, ज्याला गरज आहे त्याने स्वतः शोधून चालू करायचे आहेत, आणि घातलेली मर्यादा संपली तरी ती सहज बाजूला सारता येते. मागाच्या काट्याची चावी कपाटात ठेवून, धागा तुटलेला दिसला की कपाट उघडा, असे कामगाराला सांगण्यासारखेच हे झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे की थांबण्याची सोय फोन विकत घेताना आधीपासून चालू असली पाहिजे आणि ज्याला नको त्याने ती बंद करावी. आधीपासूनची ठेवण बदलली की काय होते याचे एक उदाहरण आपल्या हातातच आहे. अँड्रॉइड 13 येईपर्यंत, म्हणजे 2022 पर्यंत, कोणतेही ॲप टाकले की ते न विचारता सूचना (नोटिफिकेशन) पाठवू शकत असे. त्यानंतर नव्या ॲपला आधी परवानगी मागावी लागते. एवढा एक दरवाजा उलट बाजूला उघडू लागला आणि नको म्हणणे सोपे झाले. मग हेच पुढे का नेऊ नये? माणसांचे फोन आणि माणसांचे निरोप तत्काळ यावेत. बाकीच्या सगळ्या सूचना दिवसातून तीन वेळा एकत्र याव्यात. ठरावीक वेळ झाला की पडद्याने स्वतःहून थांबावे. आणि बंद (लॉक) पडद्यावर वेळेखेरीज काहीही दिसू नये.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

आपल्या वडिलांविषयीचे लिहिणे मनाला भिडले, तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. माग निर्जीव आहे, त्याला थांबावेसे वाटणे शक्यच नाही, म्हणून त्याला काटा लागतो. माणसाला थांबावेसे वाटू शकते, आणि ते वाटणे शिकवण्यासाठीच तर घर आणि शाळा असतात. 32 वर्षे वर्गात उभे राहून मी एक गोष्ट पाहिली आहे: ज्या मुलाला बाहेरून थांबवावे लागते ते मूल, थांबवणारा खोलीबाहेर गेला की, दुप्पट वेगाने तेच करते. चीनने 2021 मध्ये 18 वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन खेळांवर शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढीच मुभा ठेवली. पण 9 नंतर त्या मुलाने काय करावे हे कोणत्याही नियमात लिहिता येत नाही.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये काय केले ते आठवावे. संध्याकाळी 7 वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही व मोबाईल दीड तास बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. फोनच्या बनावटीत त्यांनी काहीही बदलले नाही, कोणत्याही कंपनीकडे अर्ज केला नाही. गावाने एकत्र बसून ठरवले आणि पाळले. सोलापूर तर भोंग्यावर चालणारे शहर होते. जुन्या गिरणीचा भोंगा ऐकून घड्याळे लावणारी घरे मी पाहिली आहेत. आपल्या पेठांना, आपल्या सोसायट्यांना असे ठरवता येणार नाही असे मला वाटत नाही. जी मर्यादा कंपनी देते ती कंपनी एका अपडेटमध्ये काढूनही घेईल. जी आपण स्वतः घालून घेतो ती आपल्याकडे राहते.

विडी कामगाराच्या घरातली, कुंभारी

दोन्ही काकांचे वाचले. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कुंभारीच्या घरकुलात राहते. आमच्या चार माणसांत स्मार्टफोन एकच आहे. या चर्चेत 'फोन' म्हणजे एका माणसाच्या हातातला त्याचा स्वतःचा फोन असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे, म्हणून लिहिते आहे.

माझी आई दिवसाला हजार विड्या वळते. पाने कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे यात दोन्ही हात आणि डोळे गुंतलेले असतात, त्यामुळे फोन शेजारच्या डब्याला टेकवून ती तेलुगू मालिका आणि भजने ऐकते. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 फोन चालू असतो. आपण सुचवलेला फोन तिला तासाभराने थांबवेल आणि तंबाखूच्या हातांनी तो पुन्हा चालू करायला लावेल. तिला फोनचे व्यसन नाही, तिला कामाची सोबत हवी आहे. त्यानंतर रात्री तोच फोन माझा भाऊ क्लासच्या व्हिडिओसाठी घेतो आणि अभ्यास वीस मिनिटांत आटोपून पुढचे दोन तास क्रिकेटच्या तुकड्यांत घालवतो. तासांच्या हिशेबात आई दोषी ठरते आणि भाऊ सुटतो.

सूचना तीन वेळा एकत्र देण्याविषयीही मला भीती वाटते. गॅसचा निरोप, बँकेत पैसे जमा झाल्याचा निरोप, पाणी आज सुटणार की उद्या याचा निरोप, यांपैकी एकही 'माणसाचा निरोप' नाही, पण आमचा दिवस त्यांच्यावर ठरतो. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घराला दुपारचा निरोप रात्री मिळाला तर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायची गरज नाही. फोन शांत करण्याचा विचार करणाऱ्यांकडे बहुधा पाण्याची टाकी असते, असे मला मनापासून वाटते.

आणि सर, भोंग्याविषयीही एक सांगते. माझे आजोबा गिरणीत होते. तो भोंगा त्यांना कामावर बोलावण्यासाठी वाजत असे. तो घरच्यांनी ठरवलेला नव्हता.

सॉफ्टवेअर अभियंता, मूळचा जुळे सोलापूरचा, आता पुण्यात

ताईंनी जो मुद्दा मांडला आहे तो आमच्या व्यवसायातल्या मोठमोठ्या बैठकांत मांडला जात नाही, म्हणून आधी त्याला दुजोरा देतो. किती तास, हे माप चुकीचे आहे. पण ते माप वापरात का आले हे आतून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

एका कंपनीत मी तीन वर्षे सूचनांच्या विभागात काम केले. आमच्या गटाचे यश एकाच आकड्यावर मोजले जाई: काल ॲप उघडलेल्यांपैकी किती जण आज परत आले. सूचनेतून माणसाला उपयोग झाला का, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. आम्ही एकाच सूचनेची दोन रूपे करत असू. एकात काय घडले ते पूर्ण लिहिलेले असे, दुसऱ्यात अर्धे लिहून पुढचे झाकलेले असे, आणि दोन्ही हजारो लोकांना पाठवून पाहत असू. अर्धवट सूचनेवर लोक अधिक येत, म्हणून अर्धवट सूचनाच सर्वांना जाऊ लागली. कुणी दुष्टपणे ठरवले नाही. तक्ता तसे सांगत होता आणि आम्ही तक्त्याचे ऐकत होतो. ती सूचना माझ्या हातून गेलेली आहे, माझ्या मावशीच्या फोनवरही गेली असेल, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

शिक्षक काकांना म्हणून अतिशय नम्रपणे सांगावेसे वाटते की मुलाच्या संयमाची परीक्षा घेणारा कागद आमच्यासारखे लोक रोज नव्याने काढतात आणि त्याच्या मागच्या चुका पाहून काढतात. वर्गातली परीक्षा अशी नसते.

शिवाय स्वस्त फोनची एक वेगळी गोष्ट आहे. कित्येक स्वस्त फोनच्या बंद पडद्यावरच बातम्या, व्हिडिओ आणि जाहिराती फिरत असतात. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाला किंमत कमी ठेवण्याच्या हिशेबात जागा असते. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे कमी त्याच्या फोनमध्ये ओढणारी दोरी जास्त. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्येच म्हटले होते की माहिती मुबलक झाली की अवधान दुर्मीळ होते. ते दुर्मीळ अवधान आता फोनच्या किमतीचा भाग झाले आहे.

उपाय नाही असे मात्र नाही. झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' नावाच्या प्रयोगशाळेतले मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 1995 मध्ये 'शांत तंत्रज्ञान' ही कल्पना मांडली: यंत्राने कडेला राहावे, गरजेपुरते मध्ये यावे आणि पुन्हा कडेला जावे. त्याचे मला माहीत असलेले सर्वांत उत्तम उदाहरण आपल्या मंगळवार बाजारातल्या भाजीच्या गाड्यावर आहे. साउंडबॉक्स नव्हता तेव्हा विक्रेता प्रत्येक गिऱ्हाईकामागे ओल्या हाताने फोन काढून पैसे आले का पाहत असे, आणि फोन काढला की आणखी चार गोष्टी दिसत. आता ती डबी रक्कम बोलून दाखवते आणि गप्प बसते.

मोबाईल दुकानदार, नवी पेठ

आपण सर्व शिकलेली मंडळी आहात, मी फक्त काउंटरवर काय दिसते ते सांगतो. 18 वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने मला 'कमी ओढणारा फोन द्या' असे म्हटलेले नाही. बॅटरी किती टिकते, कॅमेरा कसा आहे, साठवण किती आणि हप्ता किती बसेल, या चार प्रश्नांवर फोन विकला जातो. जे मागितले जात नाही ते कंपनी का बनवेल?

बाहेरच्या देशांत 'लाइट फोन' सारखे सोशल मीडिया नसलेले फोन मिळतात हे मला ठाऊक आहे. ते आपल्याकडच्या साध्या स्मार्टफोनपेक्षा कितीतरी महाग पडतात. कमी देणाऱ्या वस्तूला जास्त पैसे मोजा, हे मी गिऱ्हाईकाला कोणत्या तोंडाने सांगू? बटणांचा फोन मात्र अजून विकला जातो आणि दहावीच्या मुलांचे पालक तो आवर्जून मागतात. 2022 पासून यूपीआय 123पे मुळे त्यावरून पैसेही पाठवता येतात. पण पंधरा दिवसांनी तेच पालक परत येतात, कारण शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर येतो. त्या मुलाला फोनपासून दूर ठेवायचे असेल तर आधी शाळांनी गृहपाठ फळ्यावर लिहावा. कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण फोन प्रत्येक कामाच्या मधोमध आणून आपणच ठेवला आहे.

जॉबरचा मुलगा, अक्कलकोट रोड

कुंभारीच्या ताईंचे उत्तर मी दोनदा वाचले, आणि माझ्या मूळ लेखातला एक भाग चुकलेला आहे हे मान्य करतो. ठरावीक वेळ झाला की पडद्याने थांबावे असे मी लिहिले होते. माग कधीच घड्याळावर थांबत नाही. दहा तास धागा अखंड असेल तर तो दहा तास चालतो, आणि दुसऱ्याच मिनिटाला धागा तुटला तर दुसऱ्याच मिनिटाला थांबतो. काटा वेळ मोजत नाही, धागा आहे का एवढेच तपासतो. हे मला वडिलांनी शिकवलेले असून मीच ते फोनला लावताना विसरलो. ताईंच्या आईच्या कामात धागा अखंड आहे, म्हणून त्यांचा फोन चालू राहणेच योग्य. भावाचा धागा विसाव्या मिनिटाला तुटला होता, आणि यंत्र रिकामेच चालत राहिले. सूचनांच्या बाबतीतही कोणत्या तत्काळ आणि कोणत्या एकत्र हे घरानेच ठरवावे. पाण्याचा निरोप पहिल्या रांगेत असायलाच हवा.

शिक्षक काका, वडगावचा मला मनापासून आदर आहे. पण दीड तासानंतर तिथेही प्रत्येकाच्या हातात हाच फोन परत येतो, आणि उरलेल्या साडेबावीस तासांसाठी गावाकडे भोंगा नाही. दुकानदार दादांना एवढेच विचारतो की मागावर काटा हवा अशी मागणी तरी कोणत्या कापड गिऱ्हाईकाने केली होती?

मोबाईल दुकानदार, नवी पेठ

गिऱ्हाईकाने केली नसेल, पण कारखानदाराने नक्कीच केली असेल, कारण धाग्याविना चाललेल्या मागावर त्याचे कापड खराब होत होते. फोन रिकामा चालला तर कंपनीचे काय खराब होते? तिचे उत्पन्न तर तेव्हाच वाढते. फरक तिथे आहे, दादा. जोपर्यंत नुकसान दुसऱ्याचे आहे तोपर्यंत काटा कुणी बसवणार नाही, आणि मग कायद्यावाचून मार्ग उरत नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये 16 वर्षांखालील मुलांच्या सोशल मीडिया खात्यांसाठी कायदा केला, त्यात जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली आहे. तसे काही आपल्याकडे आले तर मी आनंदाने विकेन.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

भोंग्याविषयी ताईंनी माझी चूक दाखवली ती योग्यच आहे. गिरणीचा भोंगा आणि वडगावचा भोंगा यांतला फरक मी पुसायला नको होता.

परंतु धाग्याच्या नव्या मांडणीवर माझा आक्षेप आधीपेक्षा गंभीर आहे. धागा तुटला हे काट्याला स्पर्शाने कळते. मुलगा अभ्यास सोडून क्रिकेट पाहू लागला हे फोनला कशाने कळणार? त्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवूनच कळणार. म्हणजे ज्या कंपन्यांनी आमचे लक्ष पळवले त्यांनाच आम्ही आमच्या हेतूंचीही नोंद ठेवायला सांगायची. हा उपचार मला रोगापेक्षा जड वाटतो.

सॉफ्टवेअर अभियंता, मूळचा जुळे सोलापूरचा, आता पुण्यात

काका, हा आक्षेप खरा आहे, मात्र त्यासाठी नजर ठेवण्याची गरज नसते. धागा तुटण्याच्या बऱ्याचशा जागा कुणाचे मन न वाचताही ठाऊक असतात. कुणी पाठवलेला दुवा उघडला आणि तो व्हिडिओ संपला, ही एक जागा. सूचनेवरून ॲपमध्ये गेलो आणि तो निरोप वाचून झाला, ही दुसरी. ओळखीच्या माणसांचे सगळे नवे पाहून झाले आणि आता अनोळखी सुरू होणार, ही तिसरी. या तिन्ही जागा ॲपला आजही नेमक्या माहीत असतात, कारण तिथेच पुढची वस्तू आपोआप लावली जाते. तिथे ती लावू नये, एवढेच करायचे आहे. 2021 मध्ये यूट्यूबने 13 ते 17 वयाच्या मुलांसाठी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले, म्हणजे हे करता येते. मोठ्यांसाठीही तीच ठेवण का नसावी, हे मला कुणी पटवून दिलेले नाही.

विडी कामगाराच्या घरातली, कुंभारी

दादा, आमच्या फोनवर खाते आईच्या नावाने आहे, त्यामुळे 13 ते 17 ची ती सोय माझ्या भावाला लागू होत नसणार. सरांनी पाठवलेला व्हिडिओ संपला की पुढचा स्वतःहून सुरू होतो. तो संपायच्या वेळी मी हातातले काम सोडून त्याच्यामागे जाऊन उभी राहते. ते बंद करता येते का? आणि केले तर आईची भजनेही एकेका गाण्यानंतर थांबतील का?

मोबाईल दुकानदार, नवी पेठ

ताई, व्हिडिओ चालू असताना वरच्या बाजूला ऑटोप्लेचा खटका दिसतो, तो बंद करा. आईसाठी भजनांची एक यादी करून ठेवा. यादी लावली की ती शेवटपर्यंत वाजेल आणि मग थांबेल. जमले नाही तर फोन घेऊन दुकानात या, बंद पडद्यावरच्या जाहिरातीही काढून देतो. त्याचे पैसे लागणार नाहीत.